पंचकोनी गळ्याचा शेअर

आमच्या आईनं शेअर घेतले ते मशीनची गॅरंटी समजून.

बीबी गावात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत आईची शिलाई मशीन. ती तिनं लोणारच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे. मशीन बनवणारी कंपनी तेव्हा लोकांना शेअर देत होती आणि फॉर्मांचा गठ्ठा चाचांच्या काउंटरवर पडून होता. यानं काय होतं, असं आईनं विचारलं. यानं माणूस कंपनीचा थोडासा मालक होतो, असं चाचांनी सांगितलं. आईनं मनात म्हटलं, मालकाची मशीन बिघडली तर कारागीर आधी मालकाकडेच येईल. भिशीचे पैसे तिच्याजवळ होते, ते तिनं तिथंच दिले.

पुढं मशीन बिघडली तेव्हा कारागीर आठ दिवसांनी आला. पण आईचा मालकीपणा काही गेला नाही. शेजारणीनं दुसऱ्या कंपनीची मशीन आणली, तर आईनं तिला तेलाची कुपी उसनी दिली नाही. वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते. संध्याकाळी पिठानं पांढरे होऊन आले, की दारातूनच विचारायचे, "मालकीनबाई, आज कंपनीत भाजी कोनती?"

कंपनी वर्षातून दोन गोष्टी पाठवायची. एक डिव्हिडंडचा चेक. तो बँकेत भरायला लोणारला जायचं, तर चेकपेक्षा एसटीचं तिकीट जास्त. आई तरी जायची. चेक पडून राहू दिला तर कंपनीला वाईट वाटेल, असं तिचं म्हणणं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वार्षिक अहवाल. तो तिला चेकपेक्षाही प्रिय. जाड, गुळगुळीत कागद. ब्लाउजची मापं कागदावर कापून ठेवायला तसा कागद गावात मिळत नव्हता. वर्तमानपत्राचे कोपरे चार दिवसांत लोळतात, अहवालाचे वर्षभर ताठ राहायचे. बीबीतल्या निम्म्या बायकांच्या बाह्या कंपनीच्या नफ्यातोट्यावरून कापलेल्या होत्या. उरलेल्या पानांची कव्हरं माझ्या पुस्तकांना. त्यामुळं 'बटरफ्लाय' वाचता येण्याआधी मला 'डेप्रिसिएशन' वाचता यायचं. एकदा गुरुजींना मी त्याचा अर्थ विचारला. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. पण माझ्या इंग्रजीची सुरुवात त्या कव्हरांवरच झाली. घरातली पहिली पदवीधर मी झाले, त्यात त्या कागदाचा वाटा आहे, हे मी कोणालाही सांगते.

अहवाल आला, की आई त्याचं पान अंगठ्यात आणि बोटात धरून चोळायची आणि निकाल द्यायची. कागद जाड तर धंदा बरा, पातळ तर मंदा. आत काय लिहिलंय हे तिनं मला कधी विचारलं नाही. एकदाच विचारलं, आणि तिथंच घोळ झाला.

मी नववीत होते. अहवालाच्या पाकिटात या वेळी एक वेगळा, वेलबुट्टीची किनार असलेला कागद होता. तसाच पहिल्या शेअरचा कागद ट्रंकेत होता, पण तो मी कधी पाहिला नव्हता, कारण ट्रंकेला हात लावायची आम्हाला बंदी होती. मी कागद वाचला. काही शब्द कळले, बाकीचे मी आत्मविश्वासानं भरून काढले आणि सांगितलं, की कंपनीनं आभार मानले आहेत. आई खूश झाली. कागद कडक होता. पंचकोनी गळ्याला पाचही कोपरे टोकदार लागतात, त्याला असाच कागद हवा. तिनं त्याच दिवशी मधोमध गळा कापला.

बऱ्याच वर्षांनी धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. फी आणि हॉस्टेल, दोन्ही पंधरा दिवसांत भरायचं होतं. माझी नोकरी नवी, वडिलांची गिरणी सुटलेली. आई स्वतःहून ट्रंक उघडायला उठली. शेअरची कामं पाहणारा एक जण मेहकरला होता, त्याच्याकडे मी तो कागद घेऊन गेले. आकडा ऐकून मी दोनदा विचारलं. फी निघत होती. मग तो म्हणाला, कंपनीनं मध्ये बोनस दिलाय, तेवढेच शेअर आणखी असतील, त्याचा कागद आणा. म्हणजे हॉस्टेलही निघत होतं.

घरी आम्ही ट्रंक, कपाट, गाद्यांखाली, सगळं पाहिलं. आई म्हणत राहिली, की दुसरा कागद आलाच नाही. शेवटी माझी नजर मशीनमागच्या खिळ्यावर गेली. तिथं मापांचे कागद टांगलेले. त्यात एक वेलबुट्टीची किनार, आणि मध्ये पंचकोनी भोक.

मी तो काढून तिच्यासमोर धरला.

"हा त गळा हाये," आई म्हणाली.

माझ्या शिक्षणाची मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली, तेवढी नंतर कधी वाटली नाही. मी खरं ते सांगितलं. आई रागावली नाही. तिला एवढंच कळेना, की कंपनीनं आभार मानलेच नव्हते का.

मेहकरचा माणूस फोनवर म्हणाला, कागद फाटका चालेल, पण सगळे तुकडे लावा, नाव आणि नंबर दिसला पाहिजे. नाव आणि नंबर मधल्या तुकड्यावर होते. मधला तुकडा आईनं आपल्या एका शिकाऊ मुलीला लग्नाच्या वेळी भेट दिला होता. ती आता हिवरा आश्रम या गावात ब्लाउज शिवत होती.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. तिनं चहा केला, तुकडाही दाखवला. तो मोडू नये म्हणून तिनं एका लग्नपत्रिकेवर डिंकानं चिकटवला होता. एका बाजूला आईचं नाव आणि नंबर, दुसऱ्या बाजूला गणपती. आईनं हात पुढं केला, तशी तिनं तुकडा पाठीमागं घेतला.

"मावशी, जीव मांगा," ती म्हणाली. "या गळ्यावर माहं घर चालते. लोक मेहकरहून येतात."

"तुले दुसरा कापून देतो."

"आता, इथं, माह्यासमोर."

मग आई तिच्याच पाटावर बसून गळा कापू लागली. शिकाऊनं नवा तुकडा जुन्यावर ठेवून पाहिला आणि दोऱ्याइतका फरक काढला. आईनं दुसरा कापला. तोही नापास. तिसरा पास झाला. येताना एसटीत मला वाटलं, आईला अपमान वाटला असेल. लोणारच्या अलीकडे ती म्हणाली, "पोरगी माह्यापरस चांगली झाली व." आणि खिडकीकडे तोंड करून हसत राहिली.

दोन्ही तुकडे, लग्नपत्रिकेसकट, कंपनीला पाठवले. फी पहिल्या कागदाच्या शेअरमधून भरली, हॉस्टेलवाल्यांकडे हात जोडून मी आणखी मुदत मागितली. शेअर खात्यात जमा झाल्याचा निरोप मुदत संपायच्या तीन दिवस आधी आला. आम्ही ते विकले, बहीण हॉस्टेलला गेली. पाच शेअर तेवढे आईनं विकू दिले नाहीत. मालकीण म्हणून राहायचं होतं तिला.

पुढच्या वर्षी अहवाल आला नाही. आई पोस्टमनला दोनदा रागावली. मग मी सांगितलं, की आता सगळं मोबाइलवर येतं. तिनं माझा मोबाइल घेतला, काचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"याचा गळा कसा कापू?"

मी कंपनीला पत्र लिहिलं. माझी आई आपल्या पाच शेअरची मालक आहे आणि तिला अहवाल छापील हवा आहे. या वेळी इंग्रजी मी तीनदा तपासलं. महिन्याभरानं पाकीट आलं. आईनं मधलं पान काढलं, अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं, उजेडाकडे नेऊन पाहिलं.

"पातळ केला," ती म्हणाली. "बरं झालं, येळेवर इकले."