सगुणाचं बोलावणं

सगुणा कुणाच्याही दारी गेली की आधी उंबऱ्याबाहेर बसायची आणि विचारायची, "घरात कुणी आजारी हाय का?" ज्या कामासाठी आलो ते नंतर. सोबत असलेले तिचे यजमान, दानीएल मास्तर, संकोचून भिंतीकडे बघत राहायचे.

ती माझी शेजारीण. कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातली ती प्लेगची वर्षं. सगुणा ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात काम शिकली होती. एकदा मलकापूरच्या पलीकडून, घाटातल्या धनगरवाड्यावरून, बिरू नावाचा माणूस तापानं फणफणलेल्या मुलीला पाठीवर घेऊन चालत आला. मुलगी वाटेतच गेली होती. सगुणानं तिला त्याच्या पाठीवरून सोडवून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आपण तिकडं जाऊया." मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले.

मिशन तिथं दवाखान्याला आणि शाळेला खोपट बांधून देणार होतं. पोटापाण्याची तजवीज मात्र कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीनं करायची होती. मंडळी म्हणजे आमच्यासारखीच हातावर पोट असलेली माणसं. तरी दोघं घरोघर फिरले. कुणी जोंधळे कबूल केले, कुणी वर्षाला एक लुगडं. एका म्हाताऱ्या चांभारानं दोघांच्या पायताणांचा भार उचलला. आमच्या आळीतल्या मुसलमान अत्तरवाल्या चाचांनी औषधासाठी रिकाम्या बाटल्या काढून ठेवल्या. "धर्म तुमचा तुमच्यापाशी," ते म्हणाले, "बाटल्या घेऊन जावा." त्यावर सगुणा कितीतरी वेळ हसत होती. तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

निघायचं ठरलं आणि प्लेग पुन्हा आला. सगळे गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेलो. मास्तरांच्या काखेत गाठ आली. सगुणानं त्यांना कुणाच्या हाती दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्या मांडीवर गेले. मूठमाती द्यायला चार माणसंही धड जमली नाहीत.

साथ ओसरल्यावर ती मंडळीच्या पंचांपुढे उभी राहिली. मी तिच्या मागेच होते. ती म्हणाली, "म्या जाणार हाय. कबूल केल्यालं तेवढं पोचतं करा."

पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, मऊ आवाजात म्हणाले, "बाई, एकट्या बाईमाणसानं रानात कसं राहायचं? देवाचं बोलावणं मास्तरांना होतं. ते गेले, बोलावणं संपलं."

"त्यास्नी एकट्यास्नी न्हवतं की," सगुणा म्हणाली. "दवा म्या देणार हुते. ते शाळा घेणार हुते. शाळा न्हाय हुणार, एवढंच."

धान्य मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाकडे वळवायचं ठरलं आणि तिलाही तिथंच स्वयंपाकाला ठेवायचं ठरलं. माहेर तिनं धर्म बदलला तेव्हाच तुटलं होतं. दुसरीकडे जाणार कुठं?

सुगी झाल्यावर बिरू ठरल्याप्रमाणे बैलगाडी घेऊन दोघांना न्यायला आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सगुणा हात पुसत बाहेर आली.

"पावणं, ते गेलं," ती म्हणाली. "आन् मला सोडत न्हाईत."

"मग आमी कुणाकडं बघायचं, बाई?"

तिनं आतून भाकरी आणून त्याच्या फडक्यात बांधल्या. रिकामी गाडी वळली, तेव्हा ती आत निघूनही गेली होती.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. रोज मुलींच्या भाकऱ्या थापायची, प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायची, पण गाण्याला तोंड उघडायची नाही. मी एकदा विचारलं, "सगुणा, देवावर रागावलीस का?" ती म्हणाली, "राग धरायला बी कायतरी शिल्लक लागतं, बाई."

ती गेली तेव्हा पाळकांनी कबरीपाशी तिच्या आज्ञाधारकपणाची तारीफ केली. लोकांनी माना डोलावल्या. त्या धनगरवाड्यावर दवा घेऊन आजवर कुणी गेलेलं नाही.