डाव्या पायाची चांदी

पीरमहंमद चाचांबद्दल लिहायला बसलो आहे, पण मला त्यांच्याबद्दल फारच थोडं माहीत आहे, हे आधी सांगून टाकतो. त्यांचं वय मला ठाऊक नव्हतं. त्यांचे वाडवडील जुन्नरात कुठून आले हे मी कधी विचारलं नाही. तीन-चार वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसत होतो, तेवढीच ओळख. त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे मला बऱ्याचदा उशिरा कळलं, आणि काही गोष्टी अजूनही कळलेल्या नाहीत. जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ते लिहितो.

मी लोणीचा. घरी शेती, पण मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, म्हणून तारखात्यात चिकटलो आणि जुन्नरच्या टपाल कचेरीत तारबाबू म्हणून आलो. ती पहिल्या महायुद्धाच्या लढाईची वर्षं. कचेरीत आम्ही दोघेच तार जाणणारे, पोस्टमास्तर आणि मी.

तार पाठवायला एक पितळी दांडा असतो. तो बोटाने दाबला की खालच्या टोकाला वरचं टोक टेकतं आणि तारेतून वीज जाते. सोडला की तुटते. येणारी तारही त्याच दांड्याच्या मागच्या टोकांतून जाते. सगळा खेळ त्या टोकांचा. ती पितळेची ठेवून चालत नाहीत. दर वेळी बारीक ठिणगी उडते, पितळ काळं पडतं आणि मग वीज अडते. म्हणून टोकांवर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या टिकल्या बसवलेल्या असतात, प्लॅटिनमच्या किंवा चांदीच्या. आमच्या दांड्याच्या टिकल्या झिजून गेल्या होत्या. पुण्याला लिहिलं. उत्तर आलं, लढाईमुळे माल नाही, तिथेच काही सोय पाहावी.

सोय म्हणजे पीरमहंमद चाचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. ताईत, पानदानाच्या कड्या, हुक्क्याच्या नळीची तोंडं अशी चांदीची बारीक कामं ते करत. मी दांडा पुढे ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, टोकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्यातनं बसऱ्याला बोलता येतं का?"

मी म्हणालो, "इथून नारायणगाव, तिथून पुणं, पुण्याहून मुंबई. मुंबईच्या पुढे समुद्रातून तार गेली आहे म्हणतात."

"म्हंजे तुटत न्हाई कुठं?"

"नाही. जोडलेलीच आहे सगळी."

त्यांचा एकुलता एक मुलगा जलाल फौजेबरोबर इराकात, बसऱ्याला गेला होता. शिपाई म्हणून नाही, लोहारकामाला. गेल्यापासून एक पत्र आलं होतं, मग काही नाही. चाचांना दुसरं काही नको होतं. मुलगा परत यायला हवा, एवढंच.

पहिल्या टिकल्या त्यांनी बाजारातल्या चांदीच्या केल्या. आठवड्यात काळ्या पडल्या. तिच्यात तांबं मिसळलेलं असतं, ठिणगीने ते आधी जळतं. "नुसती चांदी पायजे," चाचा म्हणाले. "अन् नुसती चांदी आता कुणाकडं हाय? सगळ्या गावाची अक्कल अन् चांदी, दोनीत भेसळ."

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. मुशीत चांदीचा एक तुकडा टाकला, वर सवागीची, म्हणजे टाकणखाराची, चिमूट, आणि फुंकणीने निखारे फुलवले. चांदी वितळून पाऱ्यासारखी हलायला लागली तेव्हा ते काहीतरी पुटपुटले. मग ती ओतली, ठोकली, भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून तार काढली, तुकडे कापले आणि दांड्याच्या टोकांत बसवून वरून हलक्या हातोडीने घुमटासारखे गोल केले. ते काम पाहताना मला फार बरं वाटलं. चांदी कुठून आणली हे मी विचारलं नाही.

"दोनी टिकल्यांत पोस्टकारडाच्या जाडीयेवढी फट ठेवा," ते म्हणाले. "ज्यास्ती न्हाई, कमी न्हाई."

टिकल्या बसवल्या त्या दिवसापासून यंत्राचा आवाज बदलला. आधी कोरडी खटखट होती. आता आवाज मऊ झाला, फरशीवर अनवाणी कुणी चालावं तसा. पोस्टमास्तर म्हणाले, चांदीचा गुण असेल. मलाही तसंच वाटलं.

चाचा रोज दुपारी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसू लागले. तार त्यांना वाचता येत नव्हती. नुसतं ऐकायचे. आठ-पंधरा दिवसांनी मला टिकल्या उघडून दाखवायला सांगायचे. चांदीच्या टोकांचं एक असतं, ठिणगी पडून पडून एका टिकलीला खड्डा पडतो आणि समोरच्या टिकलीवर बारीक टेकाड चढतं. वीज एकाची चांदी उचलून दुसऱ्यावर नेते. मी त्यांना हे समजावलं. त्यांनी खड्ड्यात नख घालून पाहिलं.

"जेवढी हिकडची गेली तेवढी सगळी तिकडं चढली का?"

"थोडी उडून जाते."

"कुठं?"

मी दांडा परत जोडायला घेतला. ते हसले. म्हणाले, "तुमाला न्हाई म्हाईत, पर जाती कुठंतरी."

वैशाखात दुपारी तारा थंड असायच्या. कुणी बोलत नसायचं. अशा वेळी आमचं यंत्र मधूनच एकदा वाजायचं. खट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट. ते कुठलंही अक्षर नव्हतं. लांब कुठे वीज चमकली तर असं होतं, म्हणून मी दुर्लक्ष करायचो. आभाळात ढग नसायचा, तरी करायचो. एकदा चाचा ओट्यावरून उठून खिडकीशी आले.

"हे बोलणं न्हाई, बाबू. हे चालणं हाय."

"कुणाचं?"

"एकाच पायाचं चालणं हाय," ते म्हणाले, आणि कान देऊन उभे राहिले. मग तसेच घरी गेले.

त्यानंतर पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मी एक मोठी तार पाठवत होतो. मध्येच दांडा वर येईना. दोन्ही टिकल्या तापून एकमेकींना चिकटल्या होत्या. वीज सुरूच राहिली, नारायणगावचं यंत्र खाली दबून बसलं असणार. मी चाकूचं पातं मध्ये घालून जोर दिला. सुटताना आवाज झाला तो धातूचा वाटला नाही. कोंबडीची तंगडी सांध्यातून मोडावी तसा ओला आवाज होता. ओट्यावर चाचा बसले होते. ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी आपला डावा घोटा धरला होता.

"काय झालं चाचा?"

"कायबी न्हाई," ते म्हणाले. "मुंग्या आल्या."

लढाई संपल्यावर जलाल आला. नारायणगावच्या टांग्यातून उतरला तेव्हा काखेत कुबडी होती. डावा पाय घोट्याच्या जरा वरपासून नव्हता. चिखलात काम करताना जखम झाली, ती सडली आणि डॉक्टरांनी कापला, असं त्याने सांगितलं. कधी, हे त्याला तारीखवार सांगता येत नव्हतं. तिकडे पाऊस नसतो, पण घरी पेरण्या झाल्या असतील असं तेव्हा मनात आलं होतं, एवढं त्याला आठवत होतं.

पोरगा हसरा होता. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "बाबू, डावी चप्पल कुणाला पायजे का बगा. नवी कोरी हाय."

त्याच दिवशी सायराबानू चाचींनी पेटीतून एक हिरवं फडकं काढलं. जलाल लहानपणी प्लेगात मरता मरता वाचला होता. तेव्हा चाचींनी गावाबाहेरच्या दर्ग्याला मन्नत केली होती आणि पिराच्या नावाने त्याच्या दोन्ही पायांत चांदीच्या बेड्या घातल्या होत्या. मन्नतीच्या चांदीत भेसळ करत नाहीत, ती शुद्ध लागते. मूल मोठं झालं की त्या काढून दर्ग्यावर चढवायच्या, अशी रीत. ह्यांनी काढल्या होत्या, पण लग्नाच्या वेळी चढवू म्हणून ठेवून दिल्या. मग लढाई आली. आता मुलगा परतला म्हणून चाचींनी फडकं सोडलं. उजवी बेडी सबंध होती. डाव्या बेडीचा एक तुकडा कापलेला होता.

मी उंबऱ्याशी उभा होतो. निघून जावंसं वाटलं.

चाचींनी ती बेडी चाचांपुढे धरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सरकारला चांदी पायजे व्हती, न्हाई का? द्या. आख्ख्या जुन्नराला द्या. घरात लेकाचा पाय कापा अन् द्या."

चाचा मान खाली घालून बोलले. "उसनी घेतली व्हती. त्यो यायच्या आत दुसरी घालून भरून काढणार व्हतो. म्हटलं, त्याच्या अंगाची चांदी तारंत घातली तर वाट सापडंल त्याला."

"सापडली की," चाची म्हणाल्या. "पायानं वाट धरली. बाकीचा मागनं आला."

जलालला हे सगळं खुळेपण वाटलं. "अम्मी, तिथं हजारांचे पाय कापले. समद्यांच्या बापांनी चांदी इकली व्हती व्हय?" पण त्यालाही एक त्रास होता, तो त्याने मला एकट्याला सांगितला. जो पाय नाही, तो वाजतो. घोट्याच्या जागी कुणीतरी बोटाने टकटक करतं. दिवसा जास्त, कचेरीच्या सुट्टीला नाही. झोप लागत नाही, डोकं फिरायची वेळ आली आहे.

"कसं वाजतं?" मी विचारलं.

"आत्ताबी वाजतंय," तो म्हणाला, आणि बाजेच्या लाकडावर बोटाने ठोकून दाखवू लागला.

मी ते ऐकलं. त्याला तार येत नव्हती. त्याने बसऱ्याला घोड्यांचे नाल ठोकले होते. पण त्याचं बोट जे ठोकत होतं ते मी वाचत होतो. ओतूरच्या एका आडत्याची, गुळाच्या भेल्या लवकर पाठवा अशी तार होती ती. बोट थांबलं तेव्हा तारही पुरी झाली होती. त्यांच्या घरापासून कचेरी बाजाराच्या पार पलीकडे. आवाज पोचणं शक्य नव्हतं.

कचेरीत परत आल्यावर मी पोस्टमास्तरांना विचारलं, "दुपारी गुळाची तार गेली का?"

"आत्ताच पाठवली. तुला कुणी सांगितलं?"

मी नोंदवही पुढे ओढली. काय सांगणार होतो?

चाचांना मात्र सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्यापुढे हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. "काढून द्या, बाबू. ती चांदी तिथं हाय तवर मन्नत पुरी न्हाई अन् पोराला झोप न्हाई."

योगायोग असा की पुण्याहून प्लॅटिनमची टोकं त्याच सुमारास आली होती. पोस्टमास्तरांनी जुन्या टिकल्या नेऊ दिल्या. मी त्या कागदात बांधून चाचांना नेऊन दिल्या. हातात त्या कोमट लागल्या. खिशातल्या होत्या म्हणून असेल.

चाचांनी त्या वितळवल्या आणि बेडीच्या तुटक्या जागी डाग देऊन जोडल्या. बरीचशी जागा भरली. पण ठिणग्यांनी खाल्लेली चांदी परत कुठून येणार? शेवटी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट उरली. मी म्हणालो, दुसरी शुद्ध चांदी मिळाली तर भरून घ्या. ते म्हणाले, "न्हाई. एकदा एकाची जागा दुसऱ्यानं भरायला गेलो, तेवढं बास."

जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ते, चाची आणि कुबडीवर जलाल असे दर्ग्यावर गेले आणि दोन्ही बेड्या चढवून आले. मी गेलो नाही. चाचींनी मला नंतर सांगितलं. बेड्या ठेवल्यावर चाचा किती तरी वेळ उठलेच नव्हते. चाचींनी टोचून विचारलं, काय मागता एवढं? ते म्हणाले, मागत नाही, देतोय. उरलेली जेवढी फट आहे तेवढं माझ्या अंगावर घाल म्हटलं पिराला, पोराला सोड.

"म्हातारा झाला तरी सौदा सुटंना," चाची म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून जलालचा पाय वाजायचा थांबला. त्याने लाकडी पाय करून घेतला. बाजारात हिंडायला लागला. यंत्राचा आवाजही पहिल्यासारखा कोरडा झाला. कचेरीत दुपारी आता काही अवेळी वाजत नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही.

पुढच्या वर्षी माझी बदली घोडेगावला झाली. निघायच्या आधी रविवारी मी दुकानावर गेलो. कचेरी बंद होती. चाचा ताईताला कडी लावत बसले होते. हात पूर्वीसारखेच स्थिर होते. मी पायरीवर बसलो आणि नजर सहज खाली गेली. घडवंचीखाली त्यांचा डावा पाय होता. त्याचा अंगठा जमिनीवर आपटत होता. सावकाश, मग भरभर, मग थांबून पुन्हा. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, किंवा होतं आणि सवय झाली होती. पहिली दोन अक्षरं माझ्या कानांनी उचलली, तारेचीच, आणि आज तर तारेवर कुणीच नव्हतं. मग मी मुद्दाम नजर वर केली आणि मोठ्याने बोलायला लागलो.

"जलाल कुठंय?"

"येडगावला गेलाय, मामाकडं."

"पायी?"

"मग काय उडत?" चाचा म्हणाले.

"मी उद्या निघतो, चाचा. घोडेगावला."

"घोडेगाव काय लांब न्हाई. येत जावा."

"येईन."

मी उठलो. खाली ते चालूच होतं.

"जाताना दार वढून घ्या, बाबू," ते म्हणाले. "शेळी आत येती."

"घेतो," मी म्हणालो.