नावानं मारलेली हाक

माझा नवरा अर्धवट उभ्या शेडच्या लोखंडी तुळईवर पाय सोडून बसला होता आणि "कारखान्याचा भोंगा मलेच बोलावून राहिला, मी उडी घेतो," असं ओरडत होता. खालची सगळी पाळी काम टाकून उभी होती. मी आणि सासू तिथेच घमेली वाहायला होतो.

त्या दिवशी मनोविकारांचा एक डॉक्टर भिलाईचा कारखाना पाहायला आला होता. रोगी तो फारसे तपासत नसे. वेडावर कोणत्या देशात किती लेख छापून येतात, ते मोजत असे. त्यात आपला देश फार मागे पडलाय, हे त्यानं तिथंच मुकादमाला सांगायला घेतलं. मी म्हटलं, आधी माझा माणूस उतरवा, मग देश पुढे न्या.

तो म्हणाला, "बाई, त्यांना नावानं हाक मारा. ओळखीच्या आवाजानं भान येतं."

आमच्या भंडाऱ्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी "अहो, ऐका ना" करत राहिले. वर काम करणारे सगळेच कोणाचे ना कोणाचे अहो. भलत्याच दोघांनी वाकून पाहिलं. सासू माझा पदर ओढत होती. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होईल म्हणे. ते किती उरलंय, ते समोर दिसतच होतं.

मी नाव घेतलं. नुसतं, बैलाला हाकारतात तसं.

तो दचकला, वळला आणि तरातरा शिडी उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"साऱ्या लोकायसमोर माझं नाव घेतलं तू? कावून?"

"मंग का करू? भोंग्याले सांगू, दुसऱ्याले बोलाव म्हणून?"

तेवढ्यात तुळया वर चढवणाऱ्या खलाशांनी त्याला धरलं. गोळ्या पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरनं दिल्या. मोजणाऱ्या डॉक्टरनं लेख लिहिला, आणि तो परदेशात छापून आला. मुकादमानं मला त्यातलं सांगितलं: पत्नीच्या परिचित आवाजानं रोगी भानावर आला. माझ्यावरच्या रागानं उतरला, हे त्यात नव्हतं. तरी जगाच्या मोजणीत आपला एक लेख वाढला, म्हणून मुकादम खूश होता. सासू मात्र मजुरांच्या लाइनीतल्या बायांना सांगत सुटली, "नवऱ्याले ढोरासारखं हाकलते हे."

पुढच्या उन्हाळ्यात खुर्सीपार वस्तीतला एक खलाशी तसाच वर जाऊन बसला. त्याची बायको गावी होती. त्यानं उडी घेतली, तो गेला. त्याच्यावर कोणी लिहिलं नाही, त्यामुळे तो कोणत्याच मोजणीत नाही. माझा नवरा जगला.