पैंजणांचं कडवं

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचा त्यांना तिळभरही कमीपणा वाटत नसे. ते जाखडीचे शाहीर होते. गौरी-गणपतीत पायांत घुंगरू बांधून गडी गोल धरून नाचतात आणि मधोमध बसून शाहीर गातो, ती जाखडी. पावसच्या एका बागेत आंब्यांची आळी करता करता बाबा कडवी बांधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणून दाखवायचे. ते बांधून मोकळे होत, सांभाळायचं काम माझं. गाताना कुठे अडले की चुलीपाशी बसल्या जागेवरून मी पुढची ओळ फेकायची. आई म्हणायची, ह्या पोरीच्या डोक्यात भातापेक्षा गाणीच जास्त शिजतात.

मग माझं लग्न झालं. खाडीपलीकडचं गाव मिळालं. हुंडा, मानपान, भांडी, सगळ्याचा विचार झाला; बाबांची कडवी आता कोण सांभाळणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. मला नव्या लुगड्यांचं कौतुक पुरेसं होतं.

माझ्या सासरी गौरी गेल्या की येणाऱ्या शनिवार-रविवारी देवळाच्या आवारात आसपासच्या गावांचे मेळे जमत. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मुंबईचे चाकरमानी अजून परतलेले नसत, शहरातले कचेरीतले लोक रविवारची सुट्टी म्हणून ऐकायला येत, आणि बायकांना गुरांच्या धारांच्या वेळेला घरी पोचता यावं म्हणून सगळा कार्यक्रम दिवसाउजेडी चाले. त्या वर्षी बाबांच्या मेळ्याला पहिल्यांदाच बोलावणं गेलं. दोन्ही घरं आता व्याही झाली होती ना! मी चार दिवस आधीपासून हवेत होते. सासूबाई म्हणाल्या, भाकरीत मीठ घातलंस का तेवढं सांग, मग हवी तेवढी उड.

जाखडीत गण-गवळण झाली की सवाल-जवाब होतात. एका मेळ्याने पुराणातला सवाल गाऊन घालायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. नुसतं उत्तर सांगून भागत नाही. ते स्वतः बांधलेल्या कडव्यात गावं लागतं. शाहीर अडला तर त्याच्या गावच्या माणसाने ओळ सुचवलेली चालते, परगावच्या माणसाने नाही. जवाब आलाच नाही तर शाहिराने आपल्या हाताने आपल्या गड्यांचे घुंगरू सोडायचे आणि मेळा घेऊन घरी जायचं. तसा घुंगरू सोडलेला शाहीर पुन्हा मेळ्याच्या मधोमध बसत नसे.

आमच्या गावचे शाहीर म्हणजे माझे मोठे दीर. गिरणीत कामाला, सणाला आलेले, स्वभावाने देवमाणूस. त्यांनी सवाल घातला: सीतामाईने वाटेत टाकलेले दागिने रामाने लक्ष्मणापुढे धरले, तेव्हा लक्ष्मणाने त्यांतलं काय ओळखलं आणि का? आवारातल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक होतं. शिवाय याचं कडवं बाबांनी माझ्या लग्नात मांडवात गायलं होतं आणि दिरांनी तेव्हा मान डोलावली होती. व्याह्यांचा मान म्हणून त्यांनी मुद्दाम सोपा सवाल काढला होता. त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

बाबांनी झोकात आलाप घेतला. पहिली ओळ गायली. "वर न पाहिले कधी मी दादा, मुख ना ठाऊक वहिनीचे." आणि थांबले.

मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना फक्त ध्रुपद येत होतं. त्यांनी ते ओढलं. गडी एक फेरा फिरले, दुसरा फिरले. बाबांनी पुन्हा पहिली ओळ गायली आणि पुन्हा तिथेच थांबले. लोकांना आधी वाटलं की म्हातारा खेळवतोय. कुणीतरी हसलंसुद्धा. मला हसू येत नव्हतं. मला त्यांची बोटं दिसत होती, ती ठेका सोडून नुसतीच झांजेच्या दोरीशी चाळा करत होती.

दुसरी ओळ माझ्या जिभेवर होती. तोंड उघडलं की बाहेर पडली असती. मी जराशी सरकले असेन, कारण सासूबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर आला. त्या रागावल्या नव्हत्या. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "गप ऱ्हा गो. तू आता आमच्या गावची हायस."

खरंच होतं ते. मी ओरडले असते तर ती परगावच्या बाईने सुचवलेली ओळ झाली असती, आणि बाबांचा जवाब तिथेच बाद झाला असता. आधीच्याच वर्षी मी त्याच आवारात बाबांच्या गावची म्हणून बसले असते, तर ओळ चालली असती. माझ्या डोक्यातलं गाणं तेच होतं, बाप तोच होता, आणि माझा त्याला काडीचा उपयोग नव्हता. असला संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही, आणि तो काढायचा कुणावर?

बाबांनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. मी डोक्यावरचा पदर मागे सारला, लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्यांची नजर माझ्यावर आली आणि तशीच पुढे गेली. वाटलं, माझ्यावर रागावले.

ढोलकी मंद होत होत थांबली. बाबा उठले, एकेका गड्याच्या पायाशी बसले आणि घुंगरू सोडू लागले. माझ्या दिरांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला, म्हणाले की राहू दे, आम्ही सवाल मागे घेतो. बाबांनी ऐकलं नाही. रीत ती रीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. मेळा पुढे गेला होता, ते मला भेटायला मागे राहिले होते. ओटीवर बसले, गूळ-पाणी घेतलं, म्हशीची चौकशी केली. सासूबाई मला बाहेर बोलावून स्वतः आत निघून गेल्या, तेवढी माया त्यांनी केली. मी खांबापाशी बसले. म्हटलं, बाबा, ते कडवं मला येतंय, म्हणू का? ते म्हणाले, म्हण की.

मी म्हटलं.

"वर न पाहिले कधी मी दादा, मुख ना ठाऊक वहिनीचे,
रोज वाकलो ज्या पायांशी, पैंजण हे त्या माउलीचे."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता, एकही मात्रा चुकली नाही. संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"चांगला हाय गो बाय," ते म्हणाले. "कोनी बांधलान?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते.

तुम्हीच, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणवेना. मी सांगितलं, आपल्या गावच्या एका शाहिराने.

बाबांनी मान हलवली. "मग काल त्याला आनायचा व्हता ना," ते म्हणाले.