राहू दिलेली रेघ

वहिनी गेल्याचा निरोप कल्याणहून आला तेव्हा मी पापड लाटत होते. हातातला पापड वाळत घातला, मग निघाले. वहिनींना ते पटलं असतं... त्याला आता दीड महिना झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कल्याणच्या एका शाळेत बिगरीच्या मुलांना शिकवायच्या. माझी कुसुम इकडे ठाण्यात बिगरीतच दोन वर्षं बसली होती. घ आणि ध तिला सारखेच दिसत. डोळे तपासले, ते चांगले निघाले. गुरुजी म्हणाले, जूनपर्यंत जमलं नाही तर नाव काढून घ्या. मी घाबरले आणि तिच्याकडून रोज पाटीवर गिरवून घेऊ लागले. पाटी दिसली की पोर रडायची.

उन्हाळ्याच्या सुटीत वहिनींनी तिला कल्याणला नेलं आणि पाटी फडताळावर ठेवून दिली. दर रविवारी मी ठाण्याहून जायची, तर कुसुम स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं जुळवत बसलेली असायची. दारातली ठिपक्यांची रांगोळीही दर वेळी एका रेघेनं अपुरी. शेजारणी हसत, मास्तरीणबाईंना साधी रांगोळी पुरी करता येत नाही म्हणत. मला अर्धवट काम बघवत नाही. दोन रविवार मी वाकून ती रेघ ओढून टाकली. तिसऱ्या रविवारी वहिनी मागे उभ्या होत्या.

"वन्सं, ती रेघ कुसुमची आहे. तुम्हीच ओढलीत तर तिनं शोधायचं काय?"

मी म्हटलं, शाळेत रांगोळीची परीक्षा नसते.

"आधी नीट बघायला येऊ दे. लिहिणं कुठं पळून जातंय?"

मे संपता संपता कुसुमनं स्वतःच पाटी मागितली. वहिनींनी दोन्ही अक्षरं काढून दिली. ती बराच वेळ बघत राहिली... मग म्हणाली, "मामी, ह्याला झाकण आहे. ह्याचं उघडंय." वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जूनमध्ये कुसुम पहिलीत गेली. आता सातवीत आहे.

परवा आम्ही दोघी कल्याणला गेलो. वहिनींचा रांगोळीचा पत्र्याचा डबा उंबऱ्याशी तसाच होता. कुसुमनं दारात रांगोळी घातली आणि पाणी भरायला आत गेली. एक रेघ राहिली होती. मी वाकून चिमूट उचलली, तेवढ्यात शेजारची चार वर्षांची शालू येऊन रांगोळीपाशी उकिडवी बसली.

चिमूट मी पुन्हा डब्यात टाकली, आणि डबा उघडाच ठेवून आत गेले.