पिवळं कव्हर

आमचे व्यंकटरमणमामा म्हणजे तंजावूरच्या मराठी घरांतले आरतीचे मालक. कुणाकडेही पूजा असो, मांडीवर देवनागरी पोथी, नाकावर चष्मा, आणि थोड्या थोड्या वेळानं पान उलटणार. मी शाळेत हिंदी शिकवते. एकदा ती पोथी त्यांनी उलटी धरलेली मी पाहिली. मामांना सगळं पाठ होतं, देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. झाकली मूठ सवा लाखाची, म्हटलं, राहू दे.

कमलाक्षीमामींना मात्र हे कधी कळलंच नाही. त्या लहानपणी वडिलांजवळ बसून देवनागरी शिकल्या होत्या, आणि आपल्या नवऱ्यालाही ती येते याचा त्यांना चाळीस वर्षं अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी त्या इस्पितळात होत्या. घशात नळी, बोलणं बंद. ऑपरेशन करायचं की नाही, ते मामांनी ठरवायचं होतं. मामींनी नर्सच्या ट्रेमधलं काळं मार्कर उचललं, मामांच्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्याच्या पांढऱ्या रबरी कव्हरवर एक ओळ लिहिली. शेजारच्या खाटांवरच्या तमिळ माणसांना वाचता येऊ नये म्हणून देवनागरीत. मामांनी चष्मा लावला, अक्षरांवरून नजर फिरवली आणि होकारार्थी मान हलवली. मामींनी समाधानानं डोळे मिटले. सकाळी मामांनी सही केली. ऑपरेशनमध्येच मामी गेल्या.

हे सगळं मला परवा कळलं. मामा टाउन बसनं घरी आले आणि रुमालात गुंडाळलेलं कव्हर माझ्यापुढं ठेवलं.

"वाच, विद्या. मज वाचाया येत नाहीं. कधींच येत नव्हतें."

दोन वर्षं लाजेनं गप्प बसलेला माणूस! तेवढ्या काळात रबर हळदीसारखं पिवळं पडलं, अक्षरं दिसेनाशी होऊ लागली, तेव्हा त्यांना घाबरायला झालं. माझ्याकडे आणण्याआधी ते पुन्हा पांढरं करावं म्हणून त्यांनी फोनच्या दुकानात विचारलं. कुणीतरी सांगितलं, आधी सोडा लावा, मग स्पिरिटनं पुसा. मामा दुपारभर कापूस घेऊन बसले. पिवळेपणा तसाच राहिला.

"कापूस काळा झाला तेव्हा तरी थांबायचं ना!" मी ओरडलेच.

"मळ निघतोय म्हणालों. आणखी घासलों."

मी कव्हर खिडकीशी धरलं. कॅमेऱ्याच्या भोकाजवळ कड उंच होती, तिथं कापूस पोचला नव्हता. ओळीची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरली होती.

"काय आहे?"

"नका."

"काय नका?"

वीस वर्षं मी पोरांकडून रिकाम्या जागा भरून घेते आहे. 'रडू नका' असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तसं असेलही. पण मला खोटं बोलवेना.

"त्याच्या आधीचं पुसलं गेलंय, मामा."

"सही करूं नका, असें लिहिली होती कां गे?"

मी कव्हर त्यांच्या हातात दिलं. मामांनी कव्हर परत रुमालात गुंडाळलं. गाठ काही केल्या बसेना.

"मी मान हलवलों, विद्या. तिज हो म्हणालों. कशाला हो म्हणालों?"