शेजारच्या घरचं ताक

करकंबहून लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा मला सवत आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं नाव कबड्डी. गिरणीची पाळी सुटली की आमचे हे जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवायचे आणि तसेच तालमीपुढच्या मैदानावर पळायचे. डबा घरात यायचा, माणूस दिवेलागणीनंतर. नव्या नवरीकडे बघायला सवड नव्हती, पण मैदानाची माती कोरडी तर पडली नाही ना, हे बघायला दिवसातून दोनदा जायचे. हे पेठेच्या संघाचे कप्तान होते.

त्या मातीचे झाले तसे लाड मी आयुष्यात कुणाचे पाहिले नाहीत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, आणि त्या पाण्यात ताक मिसळायचं, असा पेठेचा नेम होता. ताकानं माती मऊ राहते आणि खरचटलेलं चिघळत नाही, असं म्हणत. पण ताक कुणाचंही चालायचं नाही. ज्या घरचा गडी उद्या मातीत उतरणार, त्या घरचं तांब्याभर ताक लागायचं. हे खांद्यावर घागर घेऊन दारोदार फिरायचे, मागे संघातली दोघंतिघं. बायका आपापल्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहायच्या. शेवटचं घर आमचं. तिथं मी माझा तांब्या ओतला की घागर मैदानावर जायची. दुष्काळ नुकताच सरला होता, ताकाच्या थेंबाला किंमत होती. मी सासरी आल्या आल्या म्हणाले होते, "हितं माणसाच्या कढीला ताक न्हाय आन् तुमी मातीला पाजताय." त्यावर हे नुसते हसले होते.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक मावशी राहायच्या. विधवा बाई, दिवसभर विड्या वळायच्या. त्यांना एकच मुलगा, आणि तो मुलगा म्हणजे आमच्या संघाचा चढाईचा गडी. अख्खी पेठ त्याला 'आपला' म्हणायची. "आपला आला का?" "आपल्यानं तिघं मारले." हॉटेलात त्याच्या चहाचे पैसे घेत नसत. समोरच्या संघात शिरला की कुणाच्या हाती लागायचा नाही, नुसता साबण. मला वैनी म्हणायचा, ह्यांना दादा. ह्यांनीच त्याला हाताला धरून मैदानावर आणलं होतं, त्यामुळे त्याचं कौतुक झालं की कॉलर ह्यांची ताठ व्हायची.

पण कौतुकानं चूल पेटत नाही. गिरणीत तो बदली कामगार होता. रोज पहाटे फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. पुष्कळदा परत येतानाच दिसायचा. पेठेला हे दिसत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी तो मैदानावर दिसला म्हणजे झालं.

मग मुंबईच्या एका बँकेच्या संघानं त्याला नोकरीसकट उचललं. कायमची नोकरी. तो गेला तो कुणाला न सांगता गेला, आणि तेच पेठेला झोंबलं. चार दिवस पेठेत सुतक असल्यासारखं होतं. मग तोंडं उघडली. केस कापणारा म्हणाला, "मला आदीच कळालं हुतं बे, भांग बदलला हुता त्यानं." कुणी म्हणालं, मुंबईत पोरगी पाहून ठेवलीय. कुणी म्हणालं, पैशाला हपापला. हॉटेलात संघाची तसबीर होती, हा टोकाला उभा. मालकानं त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. पण महिने फाटून कॅलेंडर हलकं झालं, वारा आला की उडायचं, आणि खालून हा हसताना दिसायचा. मग गिऱ्हाइकं मालकाला चिडवायची, "बघा, आपला बगतोय." लगेच कुणीतरी दुरुस्त करायचं, "आपला न्हवं बे. मुंबईवाला."

आमचे हे मात्र काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "मला तरी सांगायचं हुतं की गं." आणि घास तसाच ठेवून उठले.

तो गेल्यानंतरचा पहिला सामना आला. आदल्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून रवीचा आवाज आला. मावशी ताक करत होत्या. मला वाटलं, सवयीनं करत असतील. संध्याकाळी हे घागर घेऊन निघाले. मी दारातच होते. मावशीही आपल्या दारात तांब्या घेऊन उभ्या, पदर डोक्यावरून घेतलेला. हे मान खाली घालून पुढं गेले. मागचा एकजण थांबला आणि म्हणाला, "मावशी, आता तुमचं ऱ्हाऊ द्या." बस एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मावशी तांब्या घेऊन आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. भरल्या गल्लीत त्यांना कुणी परकं केलं असेल तर त्या दिवशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या, तोंडाला कुलूप.

मी परसात आले तर अर्ध्या भिंतीवरून मावशींचा हात आला. हातात तोच तांब्या.

"पोरी, ताक जास्ती झालंय. कढीला घे."

मी घेतला. तोवर हे गल्ली फिरून दारात आले होते. मी आमचा तांब्या घागरीत ओतला, आणि मागोमाग तो दुसराही ओतला.

"आज लई दिलंस?" हे म्हणाले.

"दही जास्ती लागलं," मी म्हणाले.

तेव्हापासून तेच चाललं. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दुपारी पलीकडून रवी वाजायची. संध्याकाळी घागर मावशींच्या दारावरून तशीच पुढं जायची, आणि मागच्या भिंतीवरून तांब्या यायचा. "जास्ती झालंय, कढीला घे." विड्या वळणारी बाई, दोन माणसांचं घर आता एका माणसाचं झालेलं, तिच्याकडं ताक जास्त कुठून होणार? आणि कढीसाठी द्यायचं ताक नेमकं घागर आमच्या दाराशी यायच्या वेळीच कोण देतं? पण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गल्ली मावशींशी तुटक वागायची. पाण्याच्या नळावर त्यांचा नंबर आला की बायकांना एकदम घरची कामं आठवायची. मावशी हंडा भरून निघून जायच्या. मुलाची बाजू घेऊन भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मला त्यांचा कधी कधी रागच यायचा. मी असते तर नळावरच एकेकीची हजेरी घेतली असती.

वर्ष तसं गेलं. मग आमच्या पेठेनं एका दिवसाची स्पर्धा भरवली आणि बाहेरचे संघ बोलावले. त्यात मुंबईच्या बँकेचा संघ येणार म्हटल्यावर पेठेला ऊत आला. आमचा पहिला सामना त्यांच्याशीच लागला. हॉटेलात दुसरा विषय नाही. "येऊ दे की हितं, दावतो." केस कापणारा तर वस्तरा थांबवून बोलायचा, गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं. चपलांचा हार तयार होतोय, ही बातमी मला सासूबाईंनीच सांगितली. सगळ्यांना ठाऊक होतं की मावशी सामना बघायला येणार. मुलाला वर्षभरानं डोळ्यांनी बघायचं, तर ते चपलांच्या हारात.

आदल्या दुपारी मी कान लावून बसले. रवी वाजेना. तीन वाजले, चार वाजले, भिंतीपलीकडे चूप. शेवटी मीच गेले. मावशी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हात मात्र चालत नव्हते. चुलीशेजारी दह्याचं गाडगं तसंच भरलेलं होतं.

"मावशी, आज ताक न्हाय केलं?"

त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या माजा पोरगा समोरनं खेळणार. माजं ताक मी कुणाच्या बाजूनं ओतू गं? वरीसभर ओतलं तवा मनात एकच हुतं, पेठ जिकावी. उद्या तसं वाटंल का न्हाई, सांगता येत न्हाई. खोट्या मनानं कशाला ओतायचं?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी घरी आले ती पेटूनच. हे घागर घासत बसले होते. सासूबाई समोर होत्या, असू देत.

"अवो, घागर न्हेताय व्हय? वरीसभर कुणाचं ताक न्हेलंत ठाऊक हाय का?"

"कुणाचं?"

"जिच्या दारावरनं मान खाली घालून जाता, तिचंच. दर सामन्याला. माज्या हातानं ओतलंय मी. तुमीच खांद्यावरनं न्हेलंत, तुमीच मातीत शिंपलंत, आन् त्याच मातीत उभं ऱ्हाऊन तिच्या पोराला शिव्या घालणाऱ्यांच्या संगं बसलात."

मला वाटलं आता कानाखाली बसेल. ह्यांनी घागर खाली ठेवली, तिच्याकडंच बघत राहिले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, रागानं की हसू आवरायला, मला आजही माहीत नाही.

मग हे उठले, रिकामी घागर घेऊन सरळ शेजारच्या दारात गेले. मी मागोमाग. संघातली पोरं गल्लीत वाट बघत होती, तीही वळून बघायला लागली.

"मावशी, ताक."

"केलं न्हाय बाबा."

"मग करा. मी थांबतो."

"अरे, उद्या माजा पोरगा तिकडनं..."

"कुठूनबी असू दे. हितं मातीत उतरणार हाय न्हवं? मग त्याच्या घरचं ताक लागतंय. नेम हाय." आणि हे त्यांच्या पायरीवर बसले. घागर पुढ्यात, हात गुडघ्यावर. सगळी गल्ली दारात आली. केस कापणारा वस्तरा घेऊनच आला. आतून आधी भांड्यांचा आवाज आला, मग जरा वेळानं रवी वाजू लागली, आणि ताक होईपर्यंत आमच्या पेठेचा कप्तान पायरीवर बसून राहिला. चपलांच्या हाराचं पुढं काय झालं कुणाला ठाऊक. जो तो आपापल्या चपला घालूनच सामन्याला आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका तालमीच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसलो. मावशींना मी माझ्याजवळ ओढलं. तो आला. अंग भरलं होतं, बँकेची निळी बनियन. पेठेकडून ना शिट्टी, ना टाळी. मैदानात पाऊल टाकण्याआधी तो वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली, मग हात नाकाशी नेला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. ओट्याकडे बघितलं. मावशींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

खेळला मात्र तो मनापासून, दयामाया न करता. आमचे गडी एकामागून एक बाद. एकदाच, फक्त एकदाच ह्यांनी कोपऱ्यातून झेप घेऊन त्याचा घोटा धरला. दोघंही मातीत लोळले, आणि सगळी पेठ उभी राहून ओरडली. मातीतून उठताना दोघं हसत होते. ह्यांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की मला ओट्यावर ऐकू आली. सामना आम्ही हरलो. सामना संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "आपला लई खेळला बे." ह्या वेळी कुणी दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी तो आईच्या घरी आला. त्याच्या मागं निम्मी पेठ आली, हॉटेलवाला किटलीसकट. ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, सांगाय आलो हुतो. तुमी मैदानावर पानी मारत हुता. तुमच्याकडं बगितलं आन् मला बोलवंना." ह्यांनी त्याला उठवून जवळ घेतलं. मला उगीचच रडू आलं, चुलीच्या धुराचं निमित्त करून आत गेले.

मी परत आले तेव्हा तो आईला म्हणत होता, "आई, मुंबईत खोली मिळालीय. आजच्या गाडीनं चल. तुला न्ह्यायलाच आलोय."

वर्षभर जिला नळावर बघून बायका तोंड फिरवत होत्या, तिच्या तोंडाकडं आता सगळ्या बघत होत्या. हे मान खाली घालून उभे. जाऊ नका म्हणायचा हक्क आम्ही कुठं ठेवला होता?

मावशींनी त्याच्या कपाळाची माती पदरानं पुसली.

"आज न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "रविवारी ह्यांचा दुधनीवाल्यांशी सामना हाय. मला इरजण लावायचं हाय."

"आई, आता मी न्हाई की संघात."

"तू न्हाईस रे. मी हाय की."

त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार? तो एकटाच गाडीला गेला, त्याला पोचवायला पेठ स्टेशनपर्यंत गेली.

शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून रवीचा आवाज आला. हे जेवून आडवे झाले होते. ते उठून बसले, थोडा वेळ ऐकत राहिले, आणि बाहेर ऊन रणरणत असतानाच घागर घासायला घेतली.